टेम्पोची लय

दिवाळीच्या अंकात धुराविषयी लिहायचे म्हटले की वाचकांना आधी फटाके आठवणार. पण फटाक्यांच्या धुरावर दरवर्षी इतके लिहून होते की त्यात या सदराने भर घालावी असे काही उरलेले नाही. शिवाय तो धूर झाला तरी चार दिवसांचा पाहुणा. आज ज्या धुराविषयी लिहायचे आहे तो बारमाही घरचा माणूस आहे. तो रोज पहाटे आपल्या खिडकीखाली येतो, दुकानासमोर घटकाभर घुटमळतो आणि जाताना एक काळा फुत्कार टाकून जातो. आणि ज्या गाडीच्या मागून तो येतो, त्या गाडीवाचून आपली दिवाळी होत नाही.

फराळाच्या ताटाकडे एकदा या नजरेने पाहा. चिवड्याचे पोहे, करंजीतले खोबरे, लाडवाचा रवा, शंकरपाळ्यांची साखर, तळणीचे तेल. हे सारे शहराच्या वेशीपर्यंत आगगाडीने आले असेल किंवा मोठ्या ट्रकने आले असेल, पण वेशीपासून वाण्याच्या दुकानापर्यंत ते बहुतेक टेम्पोनेच आले. धारावीच्या कुंभारवाड्यातल्या पणत्या टेम्पोने बाजारात जातात. पाडव्याला घेतलेले कपाट, भाऊबीजेची साडी ज्या गठ्ठ्यातून आली तो गठ्ठा, सारे टेम्पोचे प्रवासी. मुंबईचे भाजीपाल्याचे, फळांचे आणि कांद्याबटाट्याचे घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत एकेक करून वाशीला गेले. तेव्हापासून शहरात खाल्ल्या जाणाऱ्या कितीतरी भाजीला खाडीचा पूल ओलांडल्याखेरीज आपल्या पिशवीत येता येत नाही.

आता या 'टेम्पो' शब्दाचीच मौज बघा. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरी विडाल नावाच्या बापलेकांचा कारखाना होता. तिथे तीनचाकी मालगाड्या तयार होत आणि त्यांचे नाव टेम्पो. १९५८ मध्ये आपल्याकडे बजाज टेम्पो ही कंपनी निघाली आणि त्या गाड्या इथे बनू लागल्या. पुढे तीन चाकांची चार झाली, इतर कारखान्यांनी आपापल्या गाड्या आणल्या, २००५ मध्ये तर त्या कंपनीनेही नाव बदलून 'फोर्स मोटर्स' असे घेतले. त्याच वर्षी आलेल्या एका चिमुकल्या गाडीला लोक 'छोटा हत्ती' म्हणू लागले. पण गल्लीबोळात माल वाहते ती गाडी म्हणजे टेम्पो, हे मराठी माणसाने एकदा ठरवले ते ठरवलेच. मुळात हा शब्द इटालियन. गाण्याबजावण्यात तिकडे त्याचा अर्थ गती, म्हणजे आपण जिला लय म्हणतो ती.

हा अर्थ वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आजचा सारा मुद्दा त्यात आहे. टेम्पोचा धूर किती निघणार हे इंजिन ठरवते आणि डिझेल ठरवते, हे खरेच. पण या दोघांच्या जोडीला तिसरा एक आहे, ज्याचे नाव कोणी घेत नाही. तो म्हणजे गाडी हाकणाऱ्याचा उजवा पाय. तो विलंबितात चालला तर धूर एक, द्रुतात चालला तर दुसरा. आणि त्या पायाची लय बिघडवणारे हात पुष्कळदा माल मागवणाऱ्यांचेच असतात.

आधी धुराचे गणित समजून घेऊ. ते अवघड नाही; ज्यांनी चूल पाहिली आहे त्यांना तर मुळीच नाही.

रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन अभियंत्याने आपले इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग इथे यशस्वी करून दाखवले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेल साहेबांच्या इंजिनात ठिणगीच नाही. हवा एवढी दाबायची की ती नुसत्या दाबाने तापते. मग त्या तापल्या हवेत तेलाचा फवारा सोडायचा, की तो आपोआप पेटतो. चालक ॲक्सिलरेटर दाबतो म्हणजे या फवाऱ्यातले तेल वाढवतो.

आता चूल आठवा. पेटत्या चुलीत एकदम चार लाकडे कोंबली की घरभर धूर होतो आणि सासूबाई ओरडतात. एकेक लाकूड सरकवत फुंकणीने वारा घातला तर ज्वाळ स्वच्छ राहते. टेम्पोच्या इंजिनात फुंकणीचे काम टर्बो नावाचा एक पंखा करतो आणि तो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर. पाय झटक्याने दाबला की तेल तत्क्षणी वाढते, पण पंख्याला वेग घ्यायला जरा अवधी लागतो. तेवढ्या वेळात तेल जास्त आणि हवा कमी. अर्धवट जळलेली काजळी धुराड्यातून बाहेर पडते. सिग्नल सुटताना पुढच्या गाडीच्या मागून जो काळा फुत्कार येतो, तो हाच. पाय हळूहळू दाबला तर तेच इंजिन, तेच डिझेल, आणि फुत्कार मात्र नाममात्र.

ही गोष्ट सरकारलाही चांगली ठाऊक आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली जी पी.यू.सी. तपासणी होते, ती डिझेलच्या गाडीची कशी करतात हे कधी उभे राहून पाहावे. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करतात, धुराड्यात नळी घालतात आणि ॲक्सिलरेटर झटक्याने तळापर्यंत दाबतात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. गाडीच्या पोटात असेल तेवढा धूर बाहेर काढायचा हमखास उपाय म्हणजे पाय आपटणे, हे तपासणीच्या पद्धतीतच मान्य केलेले आहे! पण प्रमाणपत्र मिळते ते गाडीला. नंतर त्या गाडीवर कोणाचा पाय बसतो आणि तो कसा चालतो, याची चौकशी कोणी करत नाही. गाडीची पी.यू.सी. असते, पायाची नसते.

पायापायात किती अंतर असते, ते गेल्या श्रावणात मला शेजारी बसून पाहायला मिळाले. मेहुण्यांकडचे एक शिसवी कपाट वाशीहून दादरला आणायचे होते. कांद्याची पोती घेऊन एक टेम्पो दादरला निघालाच होता. त्यात कपाटाला जागा मिळाली आणि मला ड्रायव्हरशेजारी. गाडी जुनी 'चारशे सात'. ड्रायव्हर पन्नाशी ओलांडलेले, सातारा जिल्ह्यातले गृहस्थ. हमालांपासून मुकादमापर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत होते, म्हणून मीही मामाच म्हणू लागलो.

पहाटेचे पाच वाजले होते. खाडीपूल ओलांडून आम्ही मानखुर्दकडे लागलो. लांबवर सिग्नल लाल दिसला आणि मामांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलला. गाडी आपल्या ओघात चालली होती. मागून भोंगे सुरू झाले. एक नवाकोरा टेम्पो डावीकडून सुसाट पुढे गेला आणि सिग्नलपाशी करकचून थांबला. आम्ही रमतगमत त्याच्या शेजारी जातो न जातो तोच सिग्नल हिरवा झाला. मामांची गाडी थांबलीच नव्हती, ती तशीच पुढे सरकली. त्या नव्या गाडीने मात्र जागेवरून उडी घेतली, पुन्हा आम्हाला मागे टाकले आणि चेंबूरला आम्हाला पुन्हा भेटली. शीवच्या सिग्नललाही तिची भेट झाली.

"मामा, तुम्हाला घाई नसते का हो?" मी विचारले.

"घाई कुणाला नाही साहेब? माल वेळेवर टाकायचाच हाय. पर तो कुठं पुढं गेला? तो नुसता आधी जाऊन थांबला."

इतके नेमके वाक्य मोठमोठ्या ग्रंथांतही सहसा सापडत नाही. पुढे शीवच्या पुलावरून उतरताना मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. उतारावर पुष्कळ ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करतात आणि डिझेल वाचले म्हणून खुश होतात. मामांनी गिअर काढला नाही.

"पूर्वी आम्हीबी न्यूट्रल मारायचो," ते म्हणाले. "मग कंपनीनं एक दिवस ट्रेनिंगला बसवलं. तिथल्या सरांनी सांगितलं, गिअरात ठेवून पाय उचलला की चाकंच इंजिनाला फिरवतात, डिझेल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रल केलं की इंजिनाला जागं ठेवायला डिझेल लागतंच, आणि वरनं ब्रेकवर भार. म्हणजे दोन्हीकडनं नुकसान."

घरी आल्यावर कपाट जागेवर लागले आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वाचक भगिनींना समजावे म्हणून हिशेब चहाच्या चमच्यांत मांडतो. एक चमचा म्हणजे पाच मिलिलिटर. मालासकट पाच टन वजनाचा टेम्पो उभ्याचा ताशी ५० किलोमीटर वेगाला न्यायचा तर नुसता तो वेग अंगी येण्यासाठी सुमारे आठ चमचे डिझेल जळते. तोच टेम्पो ताशी ३० किलोमीटरपर्यंतच नेला तर तीन चमचे पुरतात. शाळेत शिकलेले असेल की गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; त्या नियमाचा हा घरगुती अनुभव. आता पुढचा सिग्नल तीनशे मीटरवर असेल, तर आठ चमचे जाळून मिळवलेला वेग काही सेकंदांत ब्रेकवर घासून उष्णता म्हणून हवेत सोडून द्यायचा. मिळाले काय? दहा-बारा सेकंद. आणि तेही सिग्नलपाशी उभे राहण्यात गेले.

असे शंभर थांबे एका दिवसात सहज होतात. दर थांब्याला पाच चमचे जास्त, म्हणजे दिवसाला अडीच लिटर डिझेल. लिटरभर डिझेलचे वजन किलोलाही कमी, पण जळताना ते हवेतला प्राणवायू घेते, म्हणून त्यातून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एका टेम्पोच्या एका पायापायी दिवसाला साडेसहा किलोंवर कार्बन डायऑक्साइड. काजळीचा हिशेब वेगळाच. करकचून ब्रेक लावला की ब्रेकची आणि टायरची झीज होऊन जी बारीक धूळ उडते, ती आणखी निराळी. आणि हा हिशेब चांगल्या स्थितीतल्या इंजिनाचा आहे. टायरात हवा कमी, क्लचवर सतत पाय, माल क्षमतेपेक्षा जास्त, अशी भर पडली की आकडा आणखी चढतो.

कोणी म्हणेल, आता नव्या गाड्या आल्या आहेत, हा प्रश्न त्याच सोडवतील. पुष्कळ अंशी हे खरे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर 'भारत स्टेज सहा' हे नियम लागू झाले आणि डिझेलमधले गंधकही दहा लाख भागांत दहा भागांपर्यंत खाली आले. नव्या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. पुष्कळ गाड्यांत युरियाचे पाणी फवारून नायट्रोजनचे विषारी वायू मारण्याची सोय असते. पण या दोन्ही युक्त्यांना ऊब लागते. गाळणीत साठलेली काजळी जाळायला धुराडे चांगले तापावे लागते. युरियाचे काम नीट चालायलाही साधारण दोनशे अंशांच्या आसपासची उष्णता लागते. गाडी तास न् तास इंजिन चालू ठेवून उभी राहिली, दोन पावले चालून पुन्हा थांबली, की धुराडे थंड पडते, गाळणी तुंबते आणि विषारी वायू तसेच निसटतात. समोर गाळणीचा दिवा लागलेला असतो. तो पाहून थोडा वेळ एकसारखी गाडी चालवायची की "नंतर बघू" म्हणायचे, हे पुन्हा ड्रायव्हरच्याच मनावर. यंत्र शहाणे झाले तरी त्याला हाकणारा माणूस लागतोच.

मग सगळे ड्रायव्हर मामांसारखे का चालवत नाहीत? याचे उत्तर मला आमच्याच गल्लीत मिळाले.

आमच्या इमारतीखाली एक मोठे दुकान आहे. तिथे सकाळी माल टाकायला एक तरुण ड्रायव्हर येतो. माल उतरेपर्यंत कधी वीस मिनिटे, कधी पाऊण तास. आणि तेवढा वेळ इंजिनाची घरघर चालूच. पहिल्या मजल्यावर एक दम्याच्या आजी राहतात, त्या तेवढा वेळ खिडकी लावून बसतात. गल्लीच्या टोकाला बालवाडी आहे. टेम्पोचे धुराडे जमिनीपासून हात-दीड हातावर असते आणि बालवाडीला निघालेल्या पोराचे नाक त्याच्या फारसे वर नसते, हे एरवी आपल्या ध्यानात येत नाही.

एके दिवशी मी खाली गेलो. मुलगा नम्र होता.

"काका, बंद करतो की. पण ट्रॅफिकवाला आला तर लगेच हलवावी लागते. इथं उभं राहायला जागा कुठाय?"

"अरे, पण डिझेल फुकट जातं ना?"

तो हसला. "डिझेल शेठचं जातं काका. वेळ माझी जाते."

त्याने मोबाइल काढून दाखवला. बाराच्या आत सहा दुकाने. पैसे फेरीवर. भिवंडीच्या गोदामात गाडी भरायलाच दीड तास लागलेला, तो त्याच्या खात्यावर. इथे दुकानदार म्हणतो, "जरा थांब, आधी गिऱ्हाईक बघतो." तो अर्धा तासही त्याच्याच खात्यावर. हे सगळे तास त्याने भरून काढायचे कुठे? रस्त्यावर. म्हणजे गोदामात सांडलेला वेळ चेंबूरच्या सिग्नलवर गोळा करायचा, आणि त्यासाठी पाय आपटायचा. त्या मुलाला मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण ज्या हिशेबात डिझेल एकाचे आणि वेळ दुसऱ्याचा, त्या हिशेबात त्याचा पाय अगदी शहाण्यासारखाच वागत होता.

उभ्या इंजिनाचा हिशेब थोडक्यात सांगतो. लांब पल्ल्याचा मोठा ट्रक जागेवर उभा राहून तासाला तीन लिटरच्या आसपास डिझेल पितो. टेम्पोचे इंजिन लहान, म्हणून त्याचे पिणे कमी. पण ते पिणे सर्वस्वी निष्फळ, कारण त्यातून गाडी वीतभरही हलत नाही. इंजिन पुन्हा सुरू करायला फार तेल लागते ही समजूतही आता जुनी झाली. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा मोटारवाल्यांना सल्ला आहे की दहा सेकंदांहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करणेच स्वस्त. दिल्लीत तर ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारनेच लाल सिग्नलला इंजिन बंद ठेवण्याची मोहीम काढली होती.

पाय शिकवता येतो का? येतो, आणि ही आशेची बाजू आहे. ब्रिटनमध्ये २००३ पासून ट्रकचालकांना सुरक्षित आणि काटकसरी चालनाचे धडे देण्याची सरकारी योजना सुरू झाली. एकाच रस्त्यावर आधी आपल्या पद्धतीने गाडी चालवायची, मग शिकवणाऱ्याचे ऐकून पुन्हा तीच फेरी करायची. त्या दिवशी इंधनात सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास बचत दिसे. आपल्याकडे १९७८ मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था हेच धडे ड्रायव्हरांना देत आली आहे. अमेरिकेतल्या यू.पी.एस. या पार्सल कंपनीने २००४ पासून आणखी एक युक्ती केली. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, म्हणून डावीकडे वळायचे तर समोरची रहदारी सरेपर्यंत इंजिन चालू ठेवून ताटकळावे लागते. कंपनीने फेऱ्यांची आखणीच अशी केली की डावी वळणे शक्य तो टाळावीत. ड्रायव्हरचा पाय सुधारण्याचे निम्मे काम कचेरीत बसलेल्या माणसाने करायचे असते, हे त्या कंपनीला कळले.

पण शिकवलेले फार दिवस टिकत नाही, असाही सर्वत्र अनुभव आहे. वर्गात शिकलेला पाय महिन्या-दोन महिन्यांत जुन्या वळणावर जाऊ लागतो. तो टिकतो केव्हा? रोज त्याचा आकडा समोर दिसतो तेव्हा, आणि त्या आकड्यात त्याचा वाटा असतो तेव्हा. विजेवरचे तीनचाकी टेम्पो आता रस्त्यावर बरेच दिसतात. त्यांचे ड्रायव्हर पाहा. समोर बॅटरीचा आकडा दिसत असतो. पाय आपटला की तो भरभर उतरतो आणि फेरी अर्ध्यात अडकण्याची भीती असते. सावकाश थांबले तर ब्रेकमधली थोडी ऊर्जा बॅटरीत परत येते. त्यामुळे उपदेशाचा एक शब्दही न ऐकता त्यांचा पाय सुधारतो. डिझेलच्या टेम्पोला अशी पाटी कोणी लावली आणि वाचलेल्या डिझेलचा निम्मा पैसा पगारात टाकला, तर आमच्या गल्लीतल्या त्या मुलाला कोणाच्या व्याख्यानाची गरज पडणार नाही. मामांच्या मालकांनी नेमके हेच केले होते. महिन्याच्या शेवटी ॲव्हरेज काढत आणि वाढीव ॲव्हरेजचा वाटा मामांच्या हातावर ठेवत.

मामांचे एक बोलणे सांगायचे राहिले. दादर जवळ आले तेव्हा ते खोकू लागले. खोकला बराच वेळ थांबेना. मग पाणी पिऊन म्हणाले, "डॉक्टर इचारत्यात, दिवसाला बिड्या किती? आता काय सांगू? मी माळकरी माणूस, आयुष्यात कधी बिडी शिवलो नाही. पर तीस वर्षं पुढच्या गाडीच्या मागं उभा हाय."

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटातले. म्हणजे हा धूर कर्करोग करू शकतो, याविषयी शंका उरली नाही. आणि तो सर्वांत जास्त कोणाच्या छातीत जातो? दिवसाचे दहा-बारा तास रहदारीत बसणाऱ्याच्या. गल्लीतल्या आजी खिडकी लावून घेतात. ड्रायव्हरला लावायला खिडकीही नसते, कारण केबिनमध्ये उकडते. पाय सावरून चालवला तर त्याचा पहिला लाभ ज्याला व्हायचा, तो तोच. त्याच्या आधी त्याला तसे चालवणे परवडले पाहिजे, एवढीच अडचण आहे.

ही अडचण सगळी सरकारने सोडवावी असे नाही. थोडी आपल्या उंबरठ्यावर सुटण्यासारखी आहे. गृहसंस्थांच्या सभेत वाहन लावण्याच्या जागेवरून रात्री अकरापर्यंत वाद चालतात. त्यात एक ठराव असाही करावा की माल उतरवायला आलेल्या टेम्पोसाठी आवारात एक जागा मोकळी राहील आणि तिथे तो इंजिन बंद करून निर्धास्त उभा राहील. रखवालदाराने तेवढे सांगायचे, आणि सांगताना पाण्याचा तांब्या पुढे करायचा. पाण्याबरोबर सांगितलेली गोष्ट माणूस सहसा टाळत नाही. दुकानदाराने टेम्पो येण्याची वेळ ठरवावी आणि त्या वेळी हमाल तयार ठेवावा. कपाट, गादी, धुण्याचे यंत्र मागवताना "आत्ताच्या आत्ता पाठवा" याऐवजी "या बाजूला तुमची फेरी असेल त्या दिवशी पाठवा" म्हणावे. एकाच फेरीत चार घरांचा माल येतो, आणि चार धूर वाचतात. मोबाइलवर दर दोन तासांनी एकेक जिन्नस मागवण्याऐवजी आठवड्याची यादी एकदम करावी. आपल्या आया महिन्याचा किराणा एका यादीत भरत होत्या, त्यात काटकसर तर होतीच, शिवाय गाडीवानाची फेरीही वाचत होती. आणि ज्यांचा स्वतःचा धंदा आहे, ज्यांच्या दाराशी दोन-चार टेम्पो उभे असतात, त्यांनी या पाडव्याला नव्या वह्या घालताना डिझेलच्या खात्यात एक रकाना जास्त आखावा: ड्रायव्हरचा वाटा.

गाण्याच्या मैफलीत तबलजी लय वाढवतो तेव्हा पुष्कळदा दोष त्याचा नसतो. श्रोत्यांतूनच कोणीतरी हातावर घाईघाईने ताल धरलेला असतो. शहरातल्या टेम्पोंचेही काहीसे तसेच आहे. श्रोत्यांनी हात आवरले, तर लय जागेवर यायला फार वेळ लागणार नाही.

वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो. आणि ज्यांच्या गाडीतून ती आपल्या घरी आली, त्यांनाही मोकळ्या श्वासाची जावो.